मनोऱ्यातली घट

३ फेब्रुवारी

दादा आज कामावर रुजू झाला. एकदाचा झाला. साहेबांसमोर त्याच्यासाठी मी जेवढं बोलले, तेवढं स्वतःच्या पगारवाढीसाठी कधी बोलले नाही. साहेब म्हणाले, "तुमचा भाऊ म्हणून ठेवतो. पण बाई, अल्कोहोलच्या कारखान्यात, म्हणजे तुम्हीच विचार करा..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. मी म्हटलं, "आठ महिने झाले त्याला दारू सोडून. शिवाय आपण बनवतो ते मोटारीत घालायला, माणसात नव्हे." साहेब हसले, आणि काम झालं.

त्याला मनोऱ्यावर दिलंय, दुपारच्या पाळीला. टाकीतलं आंबलेलं पाणी मनोऱ्यात उकळतं, अल्कोहोलची वाफ वर चढते, थंड होऊन खालच्या पिंपात थेंबथेंब उतरते. वाफ, व्हॉल्व्ह, दाब हे त्याचं आयुष्यभराचं काम. रंगाच्या गिरणीत त्याने अर्धं आयुष्य बॉयलरवर काढलं. आई-वडील गेल्यावर माझी पदवी त्याच वाफेवर शिजली. दारूपायी गिरणी सुटली, मग वहिनी मुलीला घेऊन गेली, आणि व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यापासून तो आमच्या मागच्या खोलीत राहतो.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, बोलताना शब्दसुद्धा मोजून वापरतो. म्हणाला, "मांजराला दुधाची राखण दिलीस." जेवणापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

९ फेब्रुवारी

आज मोठ्या कंपनीचे दोन पाहुणे आले. त्यांना मी माझं नेहमीचं भाषण ऐकवलं. कणीस माणूस खातो, ताट उरतं. त्या वाळक्या ताटातसुद्धा साखर असते, पण कुलूपबंद. आम्ही आम्ल आणि वाफ वापरून ते कुलूप उघडतो आणि टाकीत माझी मंडळी सोडतो. "मंडळी" म्हटल्यावर पाहुणे नेहमी चपापतात. मंडळी म्हणजे माझे जिवाणू. यीस्टला ताटातली अर्धीअधिक साखर चालते, उरलेलीला ते तोंड लावत नाही. माझी मंडळी पंगतीत बसली की ताट पुसून उठते. शंभर किलो साखर खाल्ली तर एक्कावन्न किलोपर्यंत अल्कोहोल देते, बाकीचा वायू. एवढं इमानी जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही.

पाहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं. व्हायला हवं त्याच्या शेकडा नव्वद अल्कोहोल पिंपात दिसलं, तर मोठा कारखाना उभा करू. नाही दिसलं, तर आमच्या या चिमुकल्या कारखान्याला एप्रिलअखेर कुलूप.

जाता जाता त्यांनी मनोऱ्याकडे पाहून विचारलं, "तिथे कोण असतं?" मी मान वर करून सांगितलं, "माझा भाऊ."

१७ फेब्रुवारी

चौऱ्याऐंशी. नव्वदच्या जागी चौऱ्याऐंशी. गेल्या महिन्यात एक्क्याण्णव येत होते.

टाकीतलं अल्कोहोल मोजायचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलंय, त्यामुळे पिंपात जे उतरतं त्यावरूनच ताडायचं. माझा संशय आम्लावर आहे. ताटं उकळली की त्यातून व्हिनेगरसारखं आम्ल सुटतं, ते मंडळीला बाधतं. पोट बिघडलेला पाहुणा काय जेवणार? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दिसायला सगळे गुटगुटीत, जोडीजोडीने हिंडताहेत. दिसण्यावर काय जातंय म्हणा.

२२ फेब्रुवारी

पुन्हा चौऱ्याऐंशी. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, तुमची मंडळी संपावर गेली का?" लोक हसले. मीही हसले, आणि प्रयोगशाळेत जाऊन दार लावून घेतलं.

घरी मात्र एक गोष्ट बरी चालली आहे. दादा खुलला आहे. इतके दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, जेवताना हात थरथरायचे. आता गुणगुणत असतो, नवऱ्याशी मस्करी करतो, आणि काल स्वतःहून लेकीला फोन केला. हातांचा कंपही गेला. काम माणसाला बरं करतं म्हणतात ते खोटं नाही. दाढ मात्र सतावतेय त्याची. सारखी लवंग तोंडात. दंतवैद्याकडे चल म्हटलं, तर म्हणाला, "लवंग आहे तोवर वैद्य कशाला?" मी त्याला लवंगेच्या तेलाची बाटली आणून दिली.

आज मी टाकीचं रडगाणं गात होते, तर म्हणाला, "अगं, तुझे जंतूच पीत असतील थोडी. बनवतात रोज, मग मोह होणारच की!" किती दिवसांनी आम्ही दोघं असे पोट धरून हसलो. नवरा पेपर तपासत होता. त्याने मान वर केली नाही.

१ मार्च

आज टाकी मारली.

दुसरा इलाज नव्हता. बाहेरचे जंगली जंतू शिरले असतील तर सगळं निर्जंतुक करून नव्याने सुरुवात करावी लागते. मीच वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. अकरा महिने पिढ्यान् पिढ्या वाढवलेली मंडळी, आम्लाला हळूहळू सरावलेली. सकाळी टाकीला पिकलेल्या फळांचा वास होता, दुपारी उकडलेल्या चिंध्यांचा. जंतूंसाठी रडणारी मीच पहिली असेन.

दादा खाली उतरून जवळ येऊन उभा राहिला. "सगळेच मेले?" मी म्हटलं, "हो." त्याने टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्यांचा दोष नसेल गं." केवढं मऊ मन आहे या माणसाचं. परत मनोऱ्यावर चढताना त्याची पायरी चुकली, कठडा धरला म्हणून वाचला. त्याच्याही मनाला लागलं असणार.

११ मार्च

यंत्र परत आलं. फ्रिजमध्ये गोठवून ठेवलेल्या मूळ मंडळीतून नवी टाकी उभी केली होती, ती आज मोजली. टाकीत अल्कोहोल पुरेपूर. एक्क्याण्णव, उलट थोडं वरच. आणि मनोऱ्यातून पिंपात उतरल्यावर चौऱ्याऐंशी.

म्हणजे मंडळी निर्दोष होती. मी उगाच मारली.

घट मनोऱ्यात आहे. मेकॅनिकला घेऊन सगळे जोड तपासले, साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एकही नाही. गाळून उरलेलं पाणी यंत्रात घातलं, त्यातही काही नाही. तरी दोन पॅकिंग बदलून घेतली. दादा म्हणाला, "वाफेचं काही खरं नसतं. ती सुईच्या नाकातून जाते." त्याचा अनुभव आहे.

जेवताना नवऱ्याने विचारलं, "घट सकाळच्या पाळीत किती आणि दुपारच्या पाळीत किती?"

"तसं वेगळं मोजत नाही आम्ही."

"मोजा."

"कशाला?"

तो म्हणाला, "तुला वजाबाकी कधी आवडली नाही." आणि आपलं ताट उचलून आत गेला. कसलं बोलणं हे! दादा तेव्हा कामावर होता, ते बरं.

१३ मार्च

पाळीनुसार मोजायचं राहून गेलं. यंत्र दिवसभर अडकलेलं होतं.

१५ मार्च

परवाना खात्याचे अधिकारी आले होते. शांत माणूस, आवाज चढवत नाही, पण सोडतही नाही. मोटारीसाठीचं अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉल मिसळायचा नियम आहे. मिथेनॉल दिसायला तसंच, वासाला जवळपास तसंच, चढतंही तसंच. पण प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी डोळे गमावतो, नाहीतर जीव. आम्ही ते आजवर अंगणातल्या मोठ्या साठ्यात मिसळत होतो. अधिकारी म्हणाले, "चालणार नाही. मनोऱ्याखालच्या पिंपात शुद्ध माल उघडा पडतो. तिथेच, पडतानाच मिसळा."

मी तिथल्या तिथे कागदावर आकृती काढून दिली. मिथेनॉलचं पिंप भिंतीपलीकडे जाळीत, कुलपात. भिंतीतून एक बारीक नळी आत, आणि लहानसा पंप. खर्च नाही, फार काम नाही. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. साहेब म्हणाले, "बाई, डोकं आहे तुम्हाला." बऱ्याच दिवसांनी ऐकलं हे.

१८ मार्च

नळी बसली. आज दादाची सुट्टी होती. प्रत्येक पाळीच्या सुपरवायझरने आपापल्या माणसांना पाळी सुरू होताना सांगायचं असं ठरलंय.

रात्रीच्या जेवणाला दादा म्हणाला, "मेकॅनिक भेटला होता. मनोऱ्याखाली काही नवी नळी टाकलीत म्हणे. कसली गं?"

मी म्हटलं, "परवानेवाल्यांचं खूळ."

"त्यांना काय, बसल्या जागी खुळं सुचतात," म्हणाला आणि भात वाढून घेतला. नवऱ्याचा घास हातातच राहिला होता. तो माझ्याकडे बघत होता. मी पाणी आणायला उठले.

नंतर खोलीत म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "काय सांगू? आठ महिने, आता नऊ झाले, बाटलीला न शिवलेल्या माणसाला सांगू, की दादा, आता त्यात विष आहे हं, जपून? त्याच्या मनाला किती लागेल! उद्या सुपरवायझर सगळ्यांना सांगणारच आहे. सगळ्यांबरोबर त्यालाही कळेल. तेच बरं."

नवरा म्हणाला, "मग मी सांगतो."

"खबरदार," मी म्हटलं. "माझा भाऊ आहे."

२० मार्च

दादा इस्पितळात.

२३ मार्च

आज लिहायला हात उचलतोय. जे झालं ते क्रमाने लिहिते.

वीस तारखेला सकाळी मी चहा टाकला होता. खिडकीतून लख्ख ऊन ओट्यावर आलं होतं, भांडी चमकत होती. दादा मागच्या खोलीतून भिंत धरत आला. डोकं धरून खुर्चीवर बसला. खिडकीकडे बघून म्हणाला, "आज धुकं फार पडलंय ना? सगळं कसं पांढरं पांढरं."

माझ्या हातातून कप पडला नाही, काही नाही. मी गॅस बंद केला. हे मला नीट आठवतं, आधी गॅस बंद केला. मग त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून विचारलं, "किती?"

त्याने "काय किती?" असं विचारलं नाही. म्हणाला, "नेहमीइतकीच."

दुपारच्या सुपरवायझरला एकोणीस तारखेला ताप भरला होता. तो आलाच नाही. दुपारच्या पाळीला कोणी काही सांगितलं नाही.

नवऱ्याने गाडी काढली. इस्पितळात मी मिथेनॉल म्हटल्याबरोबर डॉक्टरीणबाई धावल्या. तरुण होत्या, पण घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्त धुण्याचं यंत्र मोकळं व्हायला दोन तास लागतील. यावरचं इंजेक्शन आमच्याकडे नाही. तोवर एकच उपाय, साधं अल्कोहोल. शरीर ते आधी पचवायला घेतं आणि विष बाजूला पडून राहतं. पाजावं लागेल, मापाने." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "समोर दुकान आहे. चांगली, बंद बाटली आणा."

ज्या माणसाने जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढली नाही, तो धावत गेला आणि बाटली शर्टाखाली लपवून घेऊन आला. इस्पितळात. डॉक्टरांनीच मागवलेली.

डॉक्टरीणबाईंनी मापाच्या पेल्यात ओतून, पाणी घालून माझ्या हातात दिलं. मी दादाच्या ओठांना लावलं. वास आला तसं त्याने तोंड फिरवलं.

"नको."

"दादा, औषध आहे."

"मला वास कळतो. नको. तुझ्यासमोर नको." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या डाव्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते. "तुझ्यासमोर मी कधी प्यायलोय? सांग. एकदा तरी?"

खरंच, कधीच नाही. गिरणी गेली तेव्हाही नाही.

"दादा, पी."

"तू बाहेर जा, मग पितो."

मी बाहेर गेले नाही. त्याचं डोकं काखेत घट्ट धरलं, लहान मुलाला औषध पाजतात तसं, आणि पाजलं. त्याच्या हनुवटीवर ओघळलेलं माझ्या ओढणीने पुसलं. पुन्हा माप भरलं. तो प्यायला. प्रत्येक घोटाला "माफ कर" म्हणत होता, आणि मी "गिळ" म्हणत होते.

मग यंत्र मोकळं झालं आणि त्याला आत नेलं.

३ एप्रिल

जीव वाचला. डोळे गेले. डोळ्यांमागची नस जळाली आहे, परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. "वेळेवर आणलंत," असंही त्या म्हणाल्या. मी त्या वाक्याला लटकून आहे.

वहिनीला कळवलं. ती आली, दारात उभी राहून त्याला झोपलेला पाहिलं आणि गेली. मुलीला आणलं नव्हतं.

साहेबांचा फोन आला. आधी दादाची चौकशी, मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, ही वेळ नाही, पण तुम्हाला कळावं. कालच्या खेपेला एक्क्याण्णव. मोठी कंपनी राजी आहे. आपला कारखाना टिकला."

क्षणभर, खरंच क्षणभर, मला आनंद झाला. मी इस्पितळाच्या जिन्यात उभी होते, आणि आनंद झाला. मग जिन्याच्या कठड्याला धरून ओकले.

९ एप्रिल

दादाला घरी आणलं. नवरा त्याला खोलीतल्या वस्तू हाताने ओळखायला शिकवतो. पलंगापासून दार चार पावलं, दारापासून न्हाणी सहा. दोघं मन लावून करतात. माझ्याशी मात्र नवरा कामापुरतं बोलतो. "मी सांगतो म्हटलं होतं" असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

दादाला मी विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून." त्याने लपवलं नाही. "पिंपात पडताना आवाज येतो ना गं, टप टप. आठ तास तो आवाज ऐकायचा." मग म्हणाला, "परवा चौकशी आहे ना? तू काळजी करू नकोस. काय बोलायचं ते मी ठरवलंय."

११ एप्रिल

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे तेच परवाना अधिकारी, बाजूला साहेब आणि तापातून उठलेला सुपरवायझर, तो पायाकडे बघत होता. दादाला मी हाताला धरून आत नेलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटणं त्याची त्याने लावली होती.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "नव्या नळीतून काय येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

दादा ताठ बसून म्हणाला, "हो साहेब. सुपरवायझर नव्हते त्या दिवशी, पण आदल्या रात्री बहिणीने घरी सांगितलं होतं. विष आहे, हात लावू नकोस म्हणाली. मीच ऐकलं नाही. दारुड्याला कुठे ऐकू येतं? कुणाचा काही दोष नाही."

पाठ केलेलं होतं. एका दमात म्हटलं. अधिकारी लिहीत होते. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, मला स्पष्ट ऐकू आला. सुपरवायझरची मान वर झाली. खोलीतल्या प्रत्येकाला हे असंच हवं होतं. कारखाना वाचत होता, माझी नोकरी वाचत होती, आणि ज्याच्याकडे गमवायला काही उरलं नव्हतं त्याने ते आपणहून अंगावर घेतलं होतं.

अधिकारी माझ्याकडे वळले. "बरोबर?"

मी म्हटलं, "नाही."

"गप्प बस ना गं," दादा पुटपुटला.

"नाही, साहेब. मी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, सरळ विचारलं होतं, ही नळी कसली म्हणून. मी म्हटलं, परवानेवाल्यांचं खूळ."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "का नाही सांगितलं?"

सुपरवायझर सांगणार होता, हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं. नवऱ्याला तेच दिलं होतं, स्वतःलाही रोज तेच देत होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"सांगितलं असतं, तर मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं."

बोलून झाल्यावर मी काय बोलले ते माझ्याच कानांनी ऐकलं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. दादाने मान हळूच माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली, आणि त्याचे न दिसणारे डोळे पहिल्यांदाच नेमके माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं, आधीचं लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहायला घेतलं. "पुन्हा सांगा," म्हणाले, "सावकाश." मी सावकाश सांगितलं. लवंग सांगितली, चुकलेली पायरी सांगितली, पाळीनुसार न मोजलेली घट सांगितली. दोन पानं झाली. मी सही केली. दादाचा अंगठा मी धरून शाईत टेकवला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आता तुझं काय करतील?"

"कामावरून काढतील. पुढचं माहीत नाही. खटलाही होईल कदाचित."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला माहीत आहे आणि तू चालवून घेतेस. म्हणून बरं वाटायचं." आणि थोड्या वेळाने, "पुढे पायरी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "एकच."